कानबाईच्या सोमवारची काच

डॉक्टरबाई: ...आणि शेवटी मला शिकवणाऱ्या सरांनी एकच ओळ लिहिलीय. ‘काच स्वच्छ आहे, नंबर एक, तुझं म्हणणं खरं ठरलं.’ मुंबईहून आलेलं हे पत्र मी सकाळपासून तीनदा वाचलंय, रंजनाबाई. कळतंय ना तुम्हाला? चैत्रात तुमच्या गर्भपिशवीच्या तोंडाशी जो बिघाड दिसला होता, तो श्रावणात पुसून घेतलेल्या तपासणीच्या काचेवर नाही.

रंजनाबाई: म्हंजे पिशवी काढानं काम नही?

डॉक्टरबाई: नाही.

रंजनाबाई: आनि मुंबईले जावानं?

डॉक्टरबाई: तेही नाही. सर पहिल्या दिवसापासून म्हणत होते, काढून टाक, वाट कसली बघतेस. मी अडून बसले. म्हटलं, बाईचं वय एकोणतीस. तुकडा काढून तपासला, त्यात कॅन्सर नाही, त्याच्या अलीकडची पायरी आहे. चार महिने द्या, तिचं शरीर काय करतं ते बघू.

शांतीबाई: बाई, माठमानं पानी लेऊ का?

डॉक्टरबाई: घ्या ना. तुम्ही यांच्या जाऊबाई ना?

शांतीबाई: जेठानी. शांतीबाई. मन्हा घरधनी इना जेठ व्हता. पाच साल व्हयनात त्याले जाईसन.

रंजनाबाई: जिजी, ऐकं का? काच साफ उनी.

शांतीबाई: ऐकं.

रंजनाबाई: बाई, आखो एक इचारानं व्हतं. आते दिवस ऱ्हायनात ते चाली का? मन्ह्या दोन्ही आंडेरीच शेतस. सासूनी कानबाई देवीले नवस बोलेल शे, आंडोरसाठे.

डॉक्टरबाई: चालेल. दोन मुलींवर मुलगा हवाय आणि काच स्वच्छ आहे, तर मी कशाला अडवू?

रंजनाबाई: पन तुम्हीन ते गोयी बी दिधी नही, सुई बी दिधी नही. मंग ते गयं कशी?

डॉक्टरबाई: हाच प्रश्न तुम्ही विचारावा असं मला वाटत होतं. तुमच्या दंडावर देवीच्या लशीचे वण आहेत ना? ती लस देवीशी भांडत नाही. ती शरीराला एकदा चोराचं तोंड दाखवून ठेवते, मग राखण शरीर करतं. तुमच्या गावात रात्रीच्या राखणीला जागल्या आहे ना?

रंजनाबाई: शे ना. जालमसिंग. रातभर हाका मारस, जपू देत नही.

डॉक्टरबाई: तुमच्या अंगात असे लाखो जालमसिंग आहेत. परका शिरला की धरतात. आता हा जो बिघाड, तो परका नसतो. आपल्याच शरीराचा कण, आपल्याच कपड्यातला, फक्त चाल बिघडलेली. म्हणून जागल्या कधी कधी त्याला ओळखतच नाही. आणि कधी कधी ओळखतो आणि गाजावाजा न करता निकाल लावून टाकतो. तुकडा काढला की शरीर जागं होतं, असंही काहीजण म्हणतात. हे सगळं अजून डॉक्टरांनाही पुरतं उलगडलेलं नाही. पण असं होतं खरं, आणि तुमच्यात झालं.

शांतीबाई: बाई, मी इचारू का एक? म्हंजे जिनी काच, तिनाच जागल्या?

डॉक्टरबाई: अर्थात.

शांतीबाई: मंग त्या कागदवर लिखेल शे तो जागल्या मन्हा शे.

रंजनाबाई: जिजी, चूप.

शांतीबाई: काच मन्ही शे, बाई. रंजनानी नही.

डॉक्टरबाई: मला नीट कळलं नाही. पुन्हा सांगा.

शांतीबाई: सावन महिनामा, सोमवारले, काच द्यावाले रंजना उनी नही. मी उनी व्हती.

डॉक्टरबाई: पण केसपेपर यांचा होता. आमच्या कोकिळा नर्सनं नाव विचारून घेतलंय, इथं तिची सही आहे.

शांतीबाई: ती नर्स नवी शे, तिनी आम्हले कव्हय देखं? तुम्हीन त्या दिन धुयाले गयेल व्हत्या, ते आम्हले मालूम व्हतं. मी तोंडवर पदर लिधा. तिनी कागद मांगा, मी रंजनाना कागद दिधा. ती म्हने, रंजनाबाई का? मी मान हालाई. खोटं बोलनी नही, फकत मान हालाई.

डॉक्टरबाई: रंजनाबाई, हे खरं आहे?

रंजनाबाई: खरं शे.

डॉक्टरबाई: तुम्हाला ठाऊक आहे मी सरांना काय काय लिहिलं होतं? सहा पानं. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठ्या माणसाशी मी भांडले तुमच्या जिवावर. आणि आत्ता, दोन मिनिटांपूर्वी, मी तुम्हाला दिवस राहू द्यायला हो म्हणाले. कुणाच्या तरी दुसऱ्याच काचेवर.

शांतीबाई: तिले रागे भरू नका. इचार दोन्हीसना व्हता.

डॉक्टरबाई: मला राग दोघींचा येतोय, काळजी करू नका. पण आधी कारण सांगा. एक दिवस यायला काय अडलं होतं?

रंजनाबाई: तो दिन कानबाईना व्हता. रईवारले कानबाई बसाडी, सोमवारले तिले नदीवर बोयावानं. चैतमा तुम्हीन तुकडा काढा, तव्हय तीन दिन माले रगत उनं. तीन दिन मी बाहेर बसनी. त्या सोमवारले आखो तशी व्हतं ते?

डॉक्टरबाई: काच घेताना तुकडा काढत नाहीत. पुसून घ्यायचं असतं फक्त.

रंजनाबाई: ते माले काय मालूम. आनि तशी बी माले जरा धक्का लागना का लाल दिखे. सासूनी सांगेल व्हतं, यंदा कानबाईना निवदना रोट रंजना करी, तिना हातना रोट व्हई तव्हय नवस पुरा व्हई. रगत उनं व्हतं ते घरना रोट बाटाडा म्हनिसन बठ्ठा भाऊबंद माले बोलतात. आंडोर व्हयना नही, ते बी मन्हाच माथे.

डॉक्टरबाई: मग यायचं नाही. पुढच्या सोमवारी यायचं. मी काही खाल्लं असतं का तुम्हाला?

रंजनाबाई: तुम्हीन सांगं व्हतं ना, उन्या नही ते नर्सले घर धाडसू. नर्स घर उनी व्हती ते सासूले कयतं, धनीले कयतं. त्यासले आम्हीन काहीच सांगेल नही. त्यासले वाटस, मी पांढरं जावानी दवाई लेवाले येस.

डॉक्टरबाई: म्हणजे माझ्याच धाकानं हे झालं.

शांतीबाई: धाक कामना व्हता, बाई. आम्हीन दोन्ही येड्या. मी रांडमुंड, पूजामा मन्हं काय काम? मी सांगं, दाढ दुखस, दवाखानामा जास. सक्कयनी एस.टी. धरी आनि उनी. तठे टेबलवर पडनी तव्हय माले हासू ई ऱ्हायनं व्हतं. आठ दिन आम्हीन दोन्ही चुल्हापान हासूत, देखं डॉक्टरीनले कशी बनाडं.

डॉक्टरबाई: मग आज का सांगितलंत? आज तर सगळं जिंकला होतात तुम्ही.

शांतीबाई: आज तुम्हीन म्हने, काच साफ. मन्हं हासू गयं. साफ मी, आनि आंडोर मांगाले ती जाई. माले डोयाफुडे तिन्हं मरन दिखनं.

डॉक्टरबाई: ऐकलंत, रंजनाबाई? आता चला. टेबलावर झोपा. आज काच मी स्वतः घेते.

रंजनाबाई: नही.

डॉक्टरबाई: नाही म्हणजे?

रंजनाबाई: नही म्हंजे नही. माले आते बरं शे. दोन महिना व्हयनात, लाल दिखेल नही. रोट मी करा, कानबाई नदीवर गयी, त्यानंतर एक टिपका नही. कानबाईनी करं चांगलं.

डॉक्टरबाई: केलं असेल.

रंजनाबाई: तुम्हीन आम्हना देवले हासतस.

डॉक्टरबाई: मी अजिबात हसत नाहीये. माझी आई अजून नवरात्रात नऊ दिवस चप्पल घालत नाही. कानबाईनं केलं असेल, तुमच्या जागल्यानं केलं असेल, माझं दोघांशीही भांडण नाही. पण केलंय की नाही, ते डोळ्यांनी बघायला नको? रगत थांबलं म्हणजे बिघाड गेला असं नसतं. या पायरीवर बहुतेक बायकांना काहीच दिसत नाही, काहीच दुखत नाही. दुखायला लागेपर्यंत पाच-दहा वर्षं जातात, आणि मग माझ्या हातात काही उरत नाही.

रंजनाबाई: मंग देखीसन काय करशात?

डॉक्टरबाई: कमी होत असेल तर थांबेन. वाढत असेल तर कापेन. आंधळेपणानं मी दोन्हीतलं काहीच करणार नाही.

रंजनाबाई: वाढेल व्हई ते?

डॉक्टरबाई: ...

रंजनाबाई: सांगा ना. वाढेल व्हई ते मी घर कशी जाऊ? आते थोडी येय पहिले मी मोकयी व्हयनी व्हती. माले वाटनं, घर जाऊ, सासूले सांगू, आते देखा, वरीसभरमा आंडोर. जिजीनी तोंड उघडं आनि बठ्ठं गयं.

शांतीबाई: बोल. माले बोल. मी ऐकी लेसू.

रंजनाबाई: तुले काय, तू ते एक नंबर.

शांतीबाई: हा. जलममा पहिलांदाव मन्हा एक नंबर उना, तो बी तुन्हा नाववर.

रंजनाबाई: हासाडू नको माले. आज नको.

शांतीबाई: मी हासाडत नही. रंजना, मन्हा घरधनी कशा गया, तुले मालूम शे का?

रंजनाबाई: खोकलाघाई.

शांतीबाई: खोकलाघाई नही. लपाडीसन गया. दोन साल खोकला व्हता. घरमा कोनले ऐकू येवाले नको म्हनिसन रातले मयामा जपे, केयना बागमा. खोकला उना का गोधडी तोंडमा धरे. मी सक्कयले भाकर लई जाऊ, ते गोधडीवर लाल दिखे. म्हने, पान खादेल शे. मी म्हनी, बरं. माले कयत व्हतं. मी बी गोधडी नदीवर धुई आनू, कोनी देखाना पहिले. खाटवर पडना तव्हय डॉक्टर म्हने, सालभर पहिले आनतात ते वाचता.

रंजनाबाई: हाई तू माले कव्हय सांगं नही.

शांतीबाई: कोनलेच सांगं नही. गोधडी मी धुई ना. त्या सोमवारले तुन्हा कागद लीसन एस.टी.मा बसनी, तव्हय बी मी तेच करं. परत एक गोधडी धुई. तिसरी येय माले ते करानं नही. तू रड, माले गाया दे, घर जाईसन सासूले सांग जेठानीनी घात करा. पन त्या टेबलवर तू जाय.

डॉक्टरबाई: रंजनाबाई, एक मी कबूल करते. वाढला असेल तर काय, हे तुम्ही विचारलंत आणि मी गप्प बसले. तसं गप्प बसायला नको होतं. वाढला असेल तर मुंबई. मी तुमच्याबरोबर गाडीत बसेन, नंदुरबारपासून. आणि तरीही तो कॅन्सर नसेल, पायरीच असेल, असं मला वाटतं. या पायरीवर सापडलेली बाई वाचते. माझ्या हातून गेल्या त्या सगळ्या उशिरा सापडलेल्या.

रंजनाबाई: किती गयात?

डॉक्टरबाई: चार वर्षांत अकरा.

रंजनाबाई: ...रगत येवाव नही ना?

डॉक्टरबाई: आलं तर एक-दोन थेंब. दिवस गेलेले नाहीत ना?

रंजनाबाई: नही.

डॉक्टरबाई: बरं झालं. आणि ऐका, दिवस राहायची घाई का नको, तेही सांगून ठेवते. पोटातलं मूल अर्धं आईचं, अर्धं बापाचं. म्हणजे आईच्या शरीराला ते अर्धं परकंच. तरी शरीर त्याला हात लावत नाही. काहीजणांचं म्हणणं असं, की त्या नऊ महिन्यांत शरीर राखण थोडी ढिली सोडतं, मुलासाठी. बाकीच्या बाईला चालतं. तुमच्या राखणदारांना सध्या सुटी देऊन चालणार नाही.

रंजनाबाई: जिजी, तू बाहेर जाय.

शांतीबाई: जास. बाकवर बसस.

रंजनाबाई: आनि दार लोटी ले.

(तेवीस दिवसांनंतर. तीच खोली, तिघी.)

डॉक्टरबाई: बसा आधी. दोघीही बसा.

रंजनाबाई: उभी ऱ्हाईसन ऐकस. सांगा.

डॉक्टरबाई: दोन.

रंजनाबाई: दोन म्हंजे?

डॉक्टरबाई: चैत्रात नंबर तीन होता. आता दोन. बिघडलेले कण आहेत, पण पहिल्यापेक्षा पुष्कळ कमी. पत्र वाचून दाखवू? ‘भोवती पांढऱ्या कणांची दाटी आहे. शरीर झगडताना दिसतंय.’ हे सरांचे शब्द आहेत, आणि सर उगाच शब्द खर्चत नाहीत.

रंजनाबाई: म्हंजे मन्हा जागल्या उठना?

डॉक्टरबाई: उठलाय. पण चोर अजून गावातच आहे. एक नंबर आला नाही, हे विसरायचं नाही.

शांतीबाई: मुंबईना सर तुमले रागे भरनात का? काच बदली व्हयनी म्हनिसन?

डॉक्टरबाई: भरले. पहिलं अर्धं पान तेच आहे. यापुढं बाईचा चेहरा बघितल्याशिवाय आणि तिच्या तोंडून नाव ऐकल्याशिवाय काच घ्यायची नाही, असं लिहिलंय. बरोबर आहे त्यांचं. कोकिळाला मी सांगितलं, स्वतःलाही बजावलं. आणि शांतीबाई, तुमची श्रावणातली काच मी तुमच्या नावावर केलीय. हा तुमचा पेपर. नंबर एक.

शांतीबाई: आठे मन्हं नाव शे का?

डॉक्टरबाई: हे बघा. शां-ती-बा-ई.

शांतीबाई: माले वाचता येत नही. पन ठेवस.

रंजनाबाई: कापनं कव्हय?

डॉक्टरबाई: कापायचं नाही, आत्ता तरी. सर आता स्वतःच म्हणतात, थांब. पण थांबायचं म्हणजे घरी बसायचं नाही. दर तीन महिन्यांनी काच. कापूस असो, लग्न असो, कानबाई असो. पाळीची तारीख आली तर चार दिवस पुढं, चुकवायचं मात्र नाही. असं दोन वर्षं. मधे कुठं तीन नंबर परत दिसला, तर त्याच आठवड्यात मुंबई. त्यावर मग वाद घालायचा नाही.

रंजनाबाई: नही घालाव.

डॉक्टरबाई: आणि एक वर्ष दिवस राहू द्यायचे नाहीत. हे फक्त तुमच्या हातात नाही, मला कल्पना आहे. मालकांना इथं पाठवा, मी समजावते.

रंजनाबाई: त्यासनं काही नही. ते ऐकतस. रातले सांगं ते सक्कयलोंग गुपचूप ऱ्हातस आनि मंग हा म्हंतस. सासूनं शे. तिनी नवस बोलेल शे, पुढला सावनले पोऱ्या मांडीवर बसाडसू म्हनिसन. गावभर सांगेल शे तिनी.

डॉक्टरबाई: तिसरीही मुलगीच झाली तर त्या काय करणार होत्या, कोण जाणे.

रंजनाबाई: परत नवस बोलती.

शांतीबाई: ती बाई वाईट नही, डॉक्टरीनबाई. मन्हा घरधनी गया तव्हय तिनी मन्ह्या बांगड्या फोडू दिध्या नहीत. सोता काढ्यात, एक एक. पन आंडोरना नाव काढं का तिले काही दिखत नही.

डॉक्टरबाई: मग असं करू. मी कोकिळाला पाठवते. ती तुमच्याकडचीच आहे, तिच्या बोलण्यात गोडवा आहे. नाहीतर मीच येते रविवारी. डॉक्टरनं सांगितलं की घरची माणसं जरा ऐकून घेतात.

शांतीबाई: नहीते मी सांगस. माले काय, मी ते मोकयी. फार व्हयनं ते दोन दिन भाकर देवाव नही.

रंजनाबाई: नको.

डॉक्टरबाई: मी येऊ नको?

रंजनाबाई: तुम्हीन या, पन मांगेथून या. पहिले नको. त्या सोमवारले काच द्यावाले मन्हा बदलामा जिजी उनी. आठे खरं बोलाले बी जिजीच बोलनी, मी मुकी बसनी. आते घर बी दुसरंच कोनी बोली, ते सासू मरावलोंग म्हनी, त्या डॉक्टरीननी आनि त्या जेठानीनी तुले फितवी. मन्ही काच खराब शे. मन्हा आंगमा चोर शे. मन्हं तोंड बी शे.

डॉक्टरबाई: काय सांगाल त्यांना?

रंजनाबाई: जे शे ते. चैतपासून सांगसू. कानबाईना दिन मी लबाडी करी, ते बी सांगसू. वरीसभर पोर नही, आनि दोन साल मी दर तीन महिनामा एस.टी. धरसू. तिनी आदळआपट करी, करू दे. नवस तिना शे, आंग मन्हं शे.

डॉक्टरबाई: आणि त्या नाहीच म्हणाल्या तर?

रंजनाबाई: तरी बी मी येसू. पुढली तारीख सांगा.

डॉक्टरबाई: पौषात. संक्रांतीनंतरचा सोमवार. लिहून देते.

रंजनाबाई: लिखी द्या. गाडी किती वाजता शे, जिजी?

शांतीबाई: आर्धा घंटा शे. रंजना, कव्हय सांगशी? आजच?

रंजनाबाई: आजच. सांजले भाकरी व्हयन्यात का.

शांतीबाई: मी बसू का संगे?

रंजनाबाई: बस. मन्हा जोडेच बस. पन बोलू नको.